वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेची डेटा सेवा, एका फील्डवालीच्या नजरेतून

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. निरनिराळ्या देशांतली माणसं देव, लग्न, शेजारी, सरकार, कामधंदा यांबद्दल काय म्हणतात आणि ते म्हणणं वर्षांगणिक कसं बदलत गेलं, हे ज्याला स्वतः तपासून पाहायचं आहे त्याने वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेचं संकेतस्थळ जरूर वापरावं. एक पैसा लागत नाही. मात्र आकडा उचलण्याआधी तिथेच ठेवलेली प्रश्नावली आणि त्या देशात नमुना, म्हणजे विचारायची माणसं, कशी निवडली याची टिपणं वाचायची तयारी हवी. तेवढा वेळ नसेल तर तिथला प्रसिद्ध रंगीत नकाशा बघून कुठलंही मत बनवू नये, असं माझं स्पष्ट सांगणं आहे.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात वाढले. नोकरीची वर्षं आधी घरोघरी जाऊन फॉर्म भरण्यात आणि पुढे सुपरवायझर म्हणून दुसऱ्यांनी भरून आणलेले फॉर्म तपासण्यात गेली. बाहेरच्यांना बडोदं म्हटलं की सयाजीराव महाराज आणि लक्ष्मीविलास पॅलेस आठवतो. पण आपल्या देशात सर्वेक्षणाचं शास्त्र ज्या गावांनी वाढवलं त्यांत हे गाव आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. विक्रम साराभाईंनी १९६० मध्ये ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप इथे सुरू केला. सगळे त्याला ओआरजी म्हणत. दुकानांतल्या मालाच्या ऑडिटसाठी ती संस्था नावाजली, पण मला तिचं दुसरं एक काम मोलाचं वाटतं. कुटुंबनियोजनाबद्दल देशभरातली पाहणी तिने १९७० मध्ये केली, ती १९८० मध्ये पुन्हा केली आणि ते दशक संपता संपता तिसऱ्यांदा केली. एकाच पाहणीतून आज किती जण काय म्हणतात एवढंच कळतं. काही हललं का, किती हललं आणि कोणत्या वयात हललं हे कळायला परत त्याच प्रकारच्या दारांवर तोच प्रश्न घेऊन जावं लागतं. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे हेच काम जगभर करतो.

या सेवेकडे मी वळले ती भाचीमुळे. ती एम. एस. युनिव्हर्सिटीत समाजशास्त्रात एम. ए. करते. कुठल्याशा लेखात तिने वाचलं, की भारतात माणसांचा एकमेकांवरचा विश्वास घटला आहे, आणि सोबत खाली उतरणारी एक रेघ. "मावशी, तू इतकी वर्षं लोकांच्या ओट्यांवर बसलीस. हे खरं असेल का गं?" मी म्हटलं, ओट्यावरच्या आठवणींनी याचं उत्तर मिळणार नाही, रेघ कुठून आली ते बघू. ती आली होती याच संकेतस्थळावरून.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आकडे वाचता येत नाहीत. १९८१ मध्ये युरोपातल्या अभ्यासकांनी युरोपियन व्हॅल्यूज स्टडी नावाची पाहणी केली. ती युरोपाबाहेरच्या देशांतही करून पाहिली गेली आणि मिशिगन विद्यापीठाचे राज्यशास्त्रज्ञ रोनाल्ड इंगलहार्ट यांनी त्यातून जगभरचा प्रकल्प उभा केला. इंगलहार्ट २०२१ मध्ये वारले. आतापर्यंत सात फेऱ्या झाल्या. सातवी २०१७ ते २०२२ या काळात, साठाहून अधिक देशांत. भारत १९९० पासून यात आहे. सातव्या फेरीत दर देशात किमान १२०० प्रौढ माणसांची मुलाखत हा नियम होता, आणि बहुतेक ठिकाणी समोरासमोर बसून. मूळ प्रश्नावलीत २९० प्रश्न आहेत. ज्यांनी कधी फॉर्म भरलेला नाही त्यांना या आकड्याचं वजन कळणार नाही. शंभराच्या पुढे प्रश्न गेले की घरातल्या बाईचं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे जातं, पुरुष घड्याळ बघतो, आणि "हो, तसंच लिहा ना बेन" अशी उत्तरं सुरू होतात. म्हणून या प्रश्नावलीत शेवटाकडे येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं मी जरा हात राखूनच वापरते.

वापरायला सेवा कशी आहे? ऑनलाइन विश्लेषणाचा भाग उघडायचा, फेरी निवडायची, देश निवडायचे, प्रश्न निवडायचा, की टक्केवारीचं टेबल समोर येतं. मग त्याला वय, लिंग, शिक्षण असे आडवे छेद देता येतात. यासाठी नाव नोंदवावं लागत नाही. पूर्ण डेटा उतरवून घ्यायचा तर नाव, संस्था आणि कशासाठी हवा आहे एवढं सांगणारा छोटा अर्ज भरायचा. एसपीएसएस, स्टाटा, आर वगैरे आकडेमोडीच्या सगळ्या प्रोग्रामांसाठी फाइली तयार आहेत. मोबाइलवर मात्र या वाटेला जाऊ नये, टेबलं रुंद असतात आणि बोटाने सरकवताना कुठला रकाना कुठल्या देशाचा हेच विसरायला होतं. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत किंवा घरी, पण मोठ्या पडद्यावरच बसावं. आणि टेबलातली टक्केवारी वजन लावून (म्हणजे नमुन्यात कमी-जास्त आलेल्या गटांचं प्रमाण सावरून) काढली आहे की न लावता, तसंच 'सांगता येत नाही' म्हणणारे हिशेबात धरले आहेत की वगळले आहेत, हे दर वेळी पाहावं. आपल्याकडे, विशेषतः खेड्यातल्या बायकांत, 'सांगता येत नाही' हे उत्तर इतकं येतं की ते वगळलं तर टेबलाचा चेहराच बदलतो.

आता मला सगळ्यात आवडलेल्या प्रश्नाबद्दल. मुलांनी घरात कोणते गुण शिकावेत? ११ गुणांची यादी दिलेली असते: चांगली वागणूक, स्वावलंबन, कष्टाळूपणा, जबाबदारीची जाणीव, कल्पकता, दुसऱ्यांविषयी सहिष्णुता आणि आदर, काटकसर, चिकाटी, धर्मश्रद्धा, निःस्वार्थीपणा, आज्ञाधारकपणा. जास्तीत जास्त पाच निवडायचे. फार हुशारीने केलेला प्रश्न आहे. "तुम्ही परंपरावादी आहात का?" असं तोंडावर विचारलं तर कोण खरं सांगेल? पण पोरांबद्दल विचारलं की माणूस मोकळा होतो, आणि पाचचीच मुभा असल्यामुळे त्याला काहीतरी सोडावं लागतं. कोणी काय सोडलं यावरून खूप कळतं. यादीतून निवडायचे असे प्रश्न आमच्याही फॉर्मात असत. रावपुऱ्याकडच्या एका वाड्यातली सून मला अजून आठवते. शो-कार्ड, म्हणजे पर्याय छापलेलं कार्ड, हातात घेतलं, 'स्वावलंबन' या शब्दावर बोट ठेवलं, झोपाळ्यावर बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं आणि बोट खाली आज्ञाधारकपणावर नेलं. फॉर्मात काय लिहिलं जातं? आज्ञाधारकपणा. आणि नियमाप्रमाणे तेच लिहायला हवं, कारण आपल्याला दिसलेलं बोट हे उत्तर नव्हे.

याच कारणाने या सर्वेक्षणातली एक गोष्ट पाहून मला खरोखर आनंद झाला. मुलाखत संपल्यावर मुलाखत घेणाऱ्याने स्वतः भरायच्या काही नोंदी असतात: उत्तर देणाऱ्याला रस होता का, मुलाखत ऐकू शकेल असं दुसरं कोणी जवळपास होतं का, उत्तर देणारा लिहिता-वाचता होता का. सातव्या फेरीच्या डेटात या नोंदी रकाने म्हणून मिळतात. म्हणजे एकट्याने उत्तर दिलेल्या बायका आणि कोणीतरी बसलेलं असताना उत्तर दिलेल्या बायका वेगळ्या काढून ताडून पाहता येतात. वर्तमानपत्रांत या सर्वेक्षणाचे आकडे पुष्कळ येतात, पण या रकान्यांचा उल्लेख मी कधी वाचला नाही. माझ्या मते या सेवेतला सगळ्यात प्रामाणिक भाग तोच आहे.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. एक यादी दाखवतात: अमली पदार्थांचं व्यसन असलेले, खूप दारू पिणारे, वेगळ्या वंशाचे, वेगळ्या धर्माचे, परदेशातून आलेले, समलैंगिक, एड्स झालेले, लग्नावाचून एकत्र राहणारे, वेगळी भाषा बोलणारे. यांतले कोण शेजारी म्हणून नकोत? ज्यांचं नाव घेतलं जाईल तिथे एक कोड, नाही घेतलं तर दुसरा. याच प्रश्नावरून २०१३ मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्राने जगाचा नकाशा रंगवला होता. वेगळ्या वंशाचा शेजारी नको म्हणणारे भारतात ४३.५ टक्के, बांगलादेश आणि हाँगकाँगमध्ये तर ७१ टक्क्यांच्या वर. नकाशा जगभर फिरला, आपल्याकडेही त्यावर लेख आले. पुढे उघड झालं की बांगलादेशाच्या आकड्यांत 'नाव घेतलं' आणि 'नाव घेतलं नाही' यांचे कोड उलटे पडले होते. खरा आकडा २८ टक्क्यांच्या आसपास होता. हाँगकाँगचाही असाच चुकलेला होता, तो २७ च्या जवळ निघाला. वर्तमानपत्राने दुरुस्ती केली, पण दुरुस्ती नकाशाइतकी फिरली नाही.

ज्याने फॉर्म तपासले आहेत त्याला ही चूक कशी होते हे सांगावं लागत नाही. एका छापील प्रश्नावलीत 'हो' आधी, दुसरीत 'नाही' आधी, आणि डेटा भरणारा सवयीने १ आणि २ मारत जातो. बॅक-चेकमध्येही, म्हणजे त्याच घरी परत जाऊन उत्तरं ताडून पाहतानाही, ती सापडत नाही, कारण फॉर्म बरोबरच भरलेला असतो. ती सापडते ती कोणीतरी एवढा आकडा कसा आला म्हणून प्रश्नावली आणि फाइल शेजारी शेजारी ठेवल्यावर. इथे ते कोणालाही करता आलं, कारण सगळं खुलं होतं. हा मी या सेवेच्या बाजूचा मोठा मुद्दा मानते. भारताच्या ४३.५ टक्क्यांबद्दल म्हणाल तर घर भाड्याने देताना आमच्या सोसायट्यांत पहिल्या पाच मिनिटांत काय काय विचारलं जातं ते बडोदेकरांना सांगायला नको. आकडा मला खोटा वाटला नाही. पण मला काय वाटतं याला पुरावा म्हणत नाहीत, आणि एका फेरीतला एक आकडा मी कुठल्याही व्याख्यानात वापरणार नाही.

आता भाचीची रेघ. प्रश्न असा: साधारणपणे बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी वागताना फार जपून राहावं लागतं? दोनच पर्याय. या प्रश्नाला नॉर्वे, डेन्मार्कमध्ये दहांतले सातांहून अधिक लोक विश्वास ठेवता येतो म्हणतात. कोलंबिया, ब्राझीलमध्ये दहांत एकही नाही. अमेरिकेत जनरल सोशल सर्व्हे नावाची पाहणी करणारा गट हाच प्रश्न १९७२ पासून विचारतो आहे. तिथे तेव्हा ४६ टक्के लोक विश्वास ठेवता येतो म्हणाले होते, २०१८ मध्ये ३४ टक्के. या घसरणीवर मी विसंबते, कारण मधल्या काळात तो प्रश्न पुन्हा पुन्हा, सगळ्या थरांतल्या माणसांना विचारला गेला आहे.

भारताच्या रेघेचं तसं नाही. १९९० च्या फेरीत भारत, चीन, नायजेरिया अशा देशांच्या नमुन्यात शहरातले आणि शिकलेले लोक प्रमाणाबाहेर जास्त होते. हे प्रकल्पाच्या लोकांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढच्या फेऱ्यांत खेडी आणि न शिकलेली माणसं वाढत गेली. मग रेघ खाली आली ती देशाचं मन बदललं म्हणून, की आधी अलकापुरीतल्या बंगल्यात विचारलं आणि नंतर छोटा उदेपूरच्या पाड्यावर विचारलं म्हणून? टेबलावरून हे कळूच शकत नाही. भाचीला मी म्हटलं, "पहिला ठिपका पुसून टाक आणि मग बघ रेघ किती उतरते." नाही तर निदान दोन्ही फेऱ्यांतली फक्त शहरी, शाळा पूर्ण केलेली माणसं घेऊन ताडून पाहा. पूर्ण डेटा मोफत मिळत असल्यामुळे एम. ए.च्या मुलीलाही हे करता येतं.

शिवाय पाचव्या फेरीपासून या एका प्रश्नाच्या जोडीला सहा वेगळे प्रश्न आले: घरच्यांवर किती विश्वास, शेजारपाजारच्यांवर किती, ओळखीच्यांवर, पहिल्यांदाच भेटलेल्यांवर, दुसऱ्या धर्माच्यांवर, दुसऱ्या देशाच्यांवर. भारतासाठी मी हेच वापरायला सांगेन. पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्लीत, राहणारा माणूस शेजारणीकडे घराची किल्ली ठेवून चार दिवस डाकोरला जाईल, आणि तोच 'बहुतेक लोकांबद्दल' विचारलं की मान हलवून "जपूनच राहावं लागतं" म्हणेल. दोन्ही उत्तरं खरी आहेत. ती वेगळी विचारली तरच वेगळी दिसतात.

सेवेत मला न आवडलेली गोष्ट म्हणजे सुरुवातीला म्हटलेला तो रंगीत नकाशा, इंगलहार्ट आणि त्यांचे सहकारी वेल्झेल यांचा. एका अक्षावर परंपरानिष्ठ ते इहवादी-विवेकी, दुसऱ्यावर जगण्याची धडपड ते स्वतःला व्यक्त करण्याचं स्वातंत्र्य, आणि प्रत्येक देश त्यात एक ठिपका. कल्पना म्हणून तिने पुष्कळ अभ्यासाला दिशा दिली, हे मान्य. पण मुखपृष्ठावर हाच पुढे केल्यामुळे लोक तिथेच थांबतात. नॉर्वेही एक ठिपका आणि भारतही एक ठिपका. १२०० माणसांच्या आदर्श नमुन्यात टक्केवारी इकडेतिकडे तीनेक टक्के हलू शकते. त्यातून तिशीच्या आतल्या बायका वेगळ्या काढल्या आणि त्या दीडशेच निघाल्या, तर आठेक टक्के. माणसं गावागावांतून झुबक्यांनी निवडलेली असतात, तेव्हा प्रत्यक्षात याहून जास्त. म्हणून या डेटातून 'गुजरातचं मत' किंवा 'मराठी माणसाचं मत' काढायला कोणी गेलं तर त्याला थांबवावं. राज्यांच्या तुलनेसाठी हे सर्वेक्षण केलेलंच नाही.

बाकीच्यांशी तुलना थोडक्यात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरचे अहवाल वाचायला सोपे, डेटाही काही काळाने मोफत मिळतो, आणि २०१९-२० मध्ये त्यांनी भारतात धर्माविषयी केलेली पाहणी तर २९,९९९ माणसांची, १७ भाषांतली होती. फक्त भारताबद्दल लिहायचं असेल तर आधी तिकडे जा. पण त्या एका पाहणीतून वर्षानुवर्षांची रेघ मिळत नाही. गॅलप वर्ल्ड पोल २००५ पासून चालू आहे, १४० च्या वर देशांत जातो, आणि आनंदी देशांच्या यादीचं मूळ तेच. पण पूर्ण डेटाला पैसे पडतात, ते आपल्या विद्यार्थ्याला परवडणारे नाहीत. कामाची शिस्त पाहायची तर युरोपियन सोशल सर्व्हे पाहावा. २००२ पासून दर दोन वर्षांनी होतो आणि किती घरांनी दार उघडलं नाही याचाही चोख हिशेब देतो. त्यात भारत नाही, पण चांगलं टिपण कसं लिहितात ते शिकायला उत्तम. देशातल्या देशात निवडणुका आणि राजकीय मतांसाठी दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या लोकनीती गटाचं काम आहेच.

माझ्या तक्रारी दोन. एक, नमुन्याची टिपणं सगळ्या देशांची सारखी नाहीत. काही देशांनी मतदार यादी की घरमोजणी, गावं कशी निवडली, घरातलं माणूस कसं निवडलं, सगळं नीट लिहिलं आहे, काहींनी दोन ओळींत उरकलं आहे. घरातलं कोणाला विचारायचं हे ठरवण्यासाठी लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये दिलेला तक्ता आम्ही हातात घेऊन फिरायचो. किश मिशिगन विद्यापीठाचेच. त्याच विद्यापीठातून वाढलेल्या प्रकल्पात ही माहिती प्रत्येक देशाकडून सक्तीने घ्यायला हवी. दार उघडणारा माणूस आणि तक्त्याने निवडलेला माणूस यांच्या मतांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुपारी दार उघडतात त्या बायका, आणि तक्ता म्हणतो संध्याकाळी कारखान्यातून येणाऱ्या मुलाला विचारा. त्यासाठी परत जावं लागतं, आणि सगळेच परत जात नाहीत.

दोन, जुन्या फेऱ्यांतल्या भारताच्या आकड्यांवर टेबलातच ठळक सूचना हवी. ती टिपणांत आहे, पण टिपणं उघडणारे थोडे.

भाचीने विश्वासाचा प्रश्न सोडून मुलांच्या गुणांचा घेतला आहे, पाचव्या फेरीपासून पुढच्या, आणि मुलाखतीच्या वेळी जवळ कोणी होतं का हा सातव्या फेरीतला रकानाही ती लावून पाहणार आहे. तुम्हालाही सुरुवात करायची असेल तर संकेतस्थळावर डेटा आणि दस्तऐवजांच्या भागात जा, फेरी निवडा, देशांच्या यादीतून भारत काढा, आणि सगळ्यात आधी तिथली प्रश्नावली उतरवून घ्या. ती छापून एकदा घरातल्या कोणाला तरी पूर्ण विचारून पाहा. पुढचं टेबल त्यानंतर उघडा.